नेम चुकला तरी शिकार

महाराष्ट्रात ‘मला धनुष्यबाणाचा नाद आहे’ असं चारचौघांत सांगायची सोय उरलेली नाही. समोरचा आधी इकडेतिकडे बघतो, मग आवाज खाली आणून विचारतो, “कोणत्या गटाचे जी तुम्ही?” फेब्रुवारी २०२३मध्ये निवडणूक आयोगाने धनुष्यबाण कोणाचा याचा निकाल दिला, त्या दिवशी आमच्या गल्लीत मला एका घरून पेढा आला आणि दुसऱ्या घराने माझ्याशी बोलणं टाकलं. माझ्या धनुष्याला दोन चाकं असतात, तीन दोऱ्या असतात, भिंग असतं, पाणसळ असते, हे मी परोपरीने समजावलं. पेढेवाल्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग मशीनवर मावते का एवढं?”

गटाचा प्रश्न मिटला की दुसरा प्रश्न ठरलेला. “मंग शिकार-गिकार करता का?”

हा प्रश्न इतक्या आशेने नागपुरातच विचारला जातो. त्याला कारणही आहे. पेंच, ताडोबा, बोर, उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा, कोणत्याही रस्त्याने शहराबाहेर पडा, पुढे कुठेतरी वाघ बसलेला आहेच. त्यामुळे इथल्या जुन्या घरांत एक तरी आजोबा असे असतात की ज्यांनी वाघ मारलेला असतो, किंवा वाघाने ज्यांना सोडून दिलेलं असतं. दुसऱ्या प्रकारचे आजोबा गोष्ट जास्त रंगवून सांगतात. अशा गावात माणूस घरात धनुष्य ठेवून आहे आणि गेल्या कित्येक वर्षांत त्याने साधं रानडुक्कर पाडलेलं नाही, हे लोकांना पटत नाही. मी काहीतरी लपवतो आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

वास्तविक १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा विषय केव्हाच निकालात काढला आहे. मी तो कायदा कौतुकाने वाचला आहे. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत मारणं, पकडणं, फासे लावणं, विष घालणं हे तर येतंच. शिवाय यातलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्न म्हणजेसुद्धा शिकारच. म्हणजे माझा बाण सुटला, सशाच्या डोक्यावरून गेला, पळसाच्या खोडात रुतला आणि ससा आपल्या कामाला निघून गेला, तरी कायद्याच्या लेखी मी शिकारी. नेम चुकणाऱ्या माणसाला इतका मान दुसऱ्या कोणत्याच ग्रंथात मिळालेला नाही. फक्त तो घ्यायला तुरुंगात जावं लागतं.

आणि आपले बाकीचे ग्रंथ पाहिले तर त्यांत नेम लागल्याचेच वांधे आहेत. दशरथाने हत्ती पाणी पितो आहे असं समजून आवाजाच्या रोखाने बाण सोडला. तो श्रावण निघाला. पंडूने हरणाची जोडी टिपली. ते किंदम ऋषी निघाले, आणि त्यांच्या शापाने पुढच्या अठरा पर्वांची सोय झाली. प्रत्यक्ष रामाने सोन्याच्या हरणामागे धाव घेतली. तो मारीच निघाला, आणि घरी परत येतो तो सीता नाही. यादवांच्या अखेरीला जरा नावाच्या व्याधाला झाडाखाली हरीण दिसलं. तो श्रीकृष्णाचा तळपाय होता. एकाही माणसाचा नेम चुकलेला नाही, हे लक्षात घ्या. कौशल्याबद्दल तक्रारच नाही. पण हरीण म्हणून मारलेलं एकही हरीण शेवटी हरीण निघालं नाही. एका व्याधाने मारलेला क्रौंच तेवढा खरोखरच क्रौंच होता, तर बाजूला वाल्मीकी उभे होते. म्हणजे तिथेही शाप, आणि वर रामायण.

दुष्यंताचं बरं झालं असं कोणी म्हणेल. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आमचं रामटेकच, यावर नागपुरात वाद घालायचा नसतो. त्या नात्याने कालिदास आमचा गाववाला, म्हणून त्याची साक्ष काढतो. शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंत रथातून हरणामागे सुटला आहे, बाण लावलेला आहे, आणि तेवढ्यात तपस्वी आडवे येऊन सांगतात की हे आश्रमाचं हरीण आहे, मारू नकोस. वनखात्याची ही पहिली गस्त असावी. राजाने मुकाट्याने बाण उतरवला. म्हणजे इथे बाण सुटलासुद्धा नाही, तरी त्या माणसाला लग्न लागलं, विस्मरण लागलं, अंगठी माशाच्या पोटात गेली आणि पोलीस चौकशीपर्यंत प्रकरण गेलं.

त्यामुळे “शिकार करता का” म्हणून विचारणाऱ्याला मी एवढंच सांगतो, “घरच्यांनी नको म्हटलं.”

माझा नाद लागला तो १९८७ साली. रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण सुरू झालं आणि महालातल्या आमच्या वाड्यात एका टीव्हीसमोर पन्नास माणसं बसू लागली. मालिका संपली की अंगणात युद्ध. धनुष्य बांबूच्या कामटीचं, दोरी सुतळीची, बाण तुराटीचे. तुराटी सरळ कधी नसते, त्यामुळे बाण ज्याच्यावर सोडला त्याला सोडून वाळत घातलेल्या सांडग्यांत जायचा. पण आम्हाला बाण लागण्याशी कर्तव्यच नव्हतं. टीव्हीवर दोन बाण आकाशात समोरासमोर येत, एकमेकांकडे बघत थांबत आणि मग एक विझून जाई. त्यामुळे डोळे मिटून, ओठ हलवून मंत्र म्हणणं हाच आमच्या युद्धाचा मुख्य भाग होता. मंत्र लांबला की समोरचा पोट्टा ओरडायचा, “अबे सोड ना बे, माह्या आईनं जेवाले बोलावलं!” पुढे माझे सगळे सोबती क्रिकेटकडे गेले, काही इंजिनिअरिंगकडे गेले. मी तेवढा मंत्र म्हणत उभा राहिलो.

परदेशात मात्र ही शिकार राजरोस चालते. आमचा मेहुणा पेनसिल्व्हेनियात असतो. तिथे शरद ऋतूत धनुष्याने हरीण मारायचा वेगळा हंगाम असतो, परवाना मिळतो, आणि त्याच्या हाफिसातली माणसं त्यासाठी रजा टाकतात. तो सांगतो त्यावरून या शिकारीतला शिकारीचा भाग फार थोडा. पहाटे अंधारात उठायचं, झाडाला बांधलेल्या मचाणावर चढायचं आणि बसायचं. दुपारपर्यंत बसायचं. हरीण वीस-तीस मीटरच्या आत आल्याशिवाय बाण सोडण्यात अर्थ नसतो, आणि हरणाला माणसाचा वास लगेच येतो म्हणून कपडे बिनवासाच्या साबणाने धुवायचे. वर हरणाचं मूत्र बाटलीत मिळतं, ते आजूबाजूला शिंपडायचं. हे ऐकून आमच्या आईने पहिल्यांदाच अमेरिकेबद्दल आपुलकी दाखवली. “तिथंही बाटलीत मिळतं का?” असं म्हणाली आणि समाधानाने आत गेली.

एवढं करून हरीण आलं आणि बाण सुटला, तरी भानगड उरतेच. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो आणि चांगल्या धनुष्याचा बाण नव्वदएक मीटर. म्हणजे दोरीचा आवाज आधी पोचतो, हरीण उडी मारायला खाली दबतं आणि बाण त्याच्या पाठीवरून निघून जातो. मिसुरीतल्या हॉलिस विल्बर ॲलन नावाच्या शिकाऱ्याला बाणाचा वेग कसा वाढवावा याने पछाडलं होतं. त्याने धनुष्याच्या टोकांना चाकं बसवली आणि १९६९ साली पेटंट मिळवलं. तेच हे कंपाउंड धनुष्य.

नागपूरकराला मचाण झेपणार नाही, हे मी वनखात्याला लिहून द्यायला तयार आहे. कायदा उद्या रद्द झाला तरी इथल्या हरणांनी घाबरू नये. सगळ्यात आधी खर्रा येईल. पन्नीत सुपारी-तंबाखू घोटल्याचा खसखस आवाज पहाटेच्या रानात अर्ध्या कोसावर जातो, आणि वास त्याच्याही पुढे. मग खालच्या फांदीवरचा वरच्याला विचारेल, “काय भाऊ, आलं का काही?” वरचा म्हणेल, “नाही ना बे. तू पोहे आनले का?” आणि डब्यातल्या तर्रीचं झाकण उघडलं की पेंचपासून बोरपर्यंतचं जनावर सावध होईल. नागपुरात शस्त्रं आणि वन्यप्राणी एका छताखाली सुखाने नांदतात ते फक्त अजब बंगल्यात. १८६३ पासून तसे नांदत आहेत, दोघंही काचेच्या आड.

तर उरतो तो कागद. कागदावरची वर्तुळं कोणाला शाप देत नाहीत. कंपाउंडचं निशाण पन्नास मीटरवर असतं, कागदाचा व्यास ८० सेंटिमीटर, आणि ज्याला दहा गुण मिळतात ते मधलं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं. बाजारातून बऱ्यापैकी संत्रं आणा, पन्नास मीटरवर ठेवा आणि त्याच्याकडे बघा. दिसलं तर बघा.

धनुष्य ताणायचं म्हणजे पंचविसेक किलो ओढायचे. पण मागे येता येता चाकं फिरतात आणि एकदम हातातला भार पाव हिश्शावर येतो. संसारात अशी सोय कुठेच नाही. मग दोरीतल्या बारीक भोकातून समोरचं भिंग बघायचं, भिंगातून निशाणाचं मधलं पिवळं बघायचं, पाणसळीतला बुडबुडा मध्ये आणायचा आणि पाठीचे स्नायू आवळत राहायचं. दोरी बोटांनी सोडायची नसते. हातात एक छोटं यंत्र असतं, ते आपोआप सुटावं लागतं. कधी सुटलं हे सोडणाऱ्याला कळता कामा नये, यात सगळं कसब आहे. ‘आता सोडतो’ असा विचार मनात आला की बाण गेलाच म्हणून समजा. त्यातून एक आजार होतो, त्याला टार्गेट पॅनिक म्हणतात. पिवळ्याच्या जवळ येताच हात गोठतो, किंवा पिवळं यायच्या आधीच बाण सुटतो. चांगले चांगले धनुर्धर त्यात बसून गेले आहेत. माझा एक मित्र बँकेत आहे. त्याला हा आजार दर मार्चमध्ये होतो आणि तो धनुष्याला हातही लावत नाही.

घरच्यांना यातलं काही सांगून उपयोग नसतो. “अर्जुनाला फक्त पोपटाचा डोळा दिसत होता,” हे वाक्य मला जन्मल्यापासून ऐकवलं जातं. त्यावर माझं म्हणणं असं की द्रोणाचार्यांनी झाडावर ठेवलेला पक्षी कारागिरांनी बनवलेला होता, तो उडणार नव्हता, आणि अर्जुनाला वेळेचं बंधन नव्हतं. अंतिम फेरीत एका बाणाला २० सेकंद असतात. त्यातली सात-आठ तर भीम काय दिसतं ते सांगण्यात घालवील. लाकडी पक्ष्यावरची ही परीक्षा ऑलिम्पिकमध्येही होऊन गेली. १९२०च्या अँटवर्पला उंच खांबावर पक्षी बसवून बाण मारायच्या शर्यती होत्या. त्यांतल्या स्थिर पक्ष्यांच्या शर्यतींत बेल्जियमशिवाय कोणी उतरलंच नाही आणि सगळी पदकं बेल्जियमला गेली. यजमानही तेच. आपल्याकडे नगरसेवक चषकात हे चालतं, पण ऑलिम्पिकमध्ये करायला धाडस लागतं.

एकलव्याचंही तेच. ऑलिम्पिकचे धनुर्धर आज तीन बोटांनी दोरी ओढतात, अंगठा रिकामा लटकत असतो. अंगठा दिल्यावर एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला, पूर्वीची चपळाई तेवढी राहिली नाही, असं महाभारतातच आहे. म्हणजे तो ऑलिम्पिकच्या वाटेवरच होता. गुरुदक्षिणा जरा लवकर मागितली गेली. कंपाउंडवाल्यांनी मात्र अंगठ्याला पुन्हा कामावर घेतलं आहे. त्यांच्यातले बरेच जण यंत्राची कळ अंगठ्यानेच दाबतात.

आणखी एक गंमत कोणी सांगत नाही. साध्या धनुष्यावरून सुटलेला बाण सरळ जात नाही. मागून धक्का बसला की तो वाकतो, उलट्या बाजूला वाकतो आणि असा हेलकावे खात निशाणावर पोचतो. सावकाश चालवलेल्या चित्रफितीत तो चक्क माशासारखा वळवळताना दिसतो. द्रौपदीच्या स्वयंवरात वर मासा, पाण्यात मासा आणि मधे हा तिसरा. बिचाऱ्या कर्णाने नेमका कशावर धरायचा होता?

५ ऑगस्ट २०२३ची संध्याकाळ मात्र आमच्या घरात गांभीर्याने साजरी झाली. बर्लिनला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती. साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंडची जगज्जेती झाली होती, आणि आता नागपूरचा ओजस देवतळे, वय २१, पोलंडच्या लुकास प्रिझिबिल्स्कीसमोर उभा होता. मी सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. पहिला बाण दहा. दुसरा दहा. तिसरा दहा. आईने विचारलं, “हे तेच तेच दाखवून राहिले का?” मी म्हटलं, नाही, नवीन आहे. पुढचा दहा. त्याच्या पुढचा दहा. शेजारचे काका आले, चहा घेतला, ओजसने दोन दहा मारले, काका म्हणाले, “एखादा चुकवाले पाह्यजे बावा, काही मजा नाही येऊन राहिली.” पोलंडचा माणूसही बहुधा दहाच मारत होता. त्याचा फक्त एक नऊ गेला. पंधरा बाणांत १५० पैकी १५०, समोरच्याचे १४९, आणि पोट्टा जगज्जेता. त्या एका नऊसाठी तो माणूस रात्री झोपला असेल का, याची मला आजही काळजी वाटते. मला रोज नऊ पडला तर मी मोहल्ल्यात साखर वाटीन.

दोन महिन्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णं आणली. वैयक्तिक अंतिम फेरीत समोर आपलाच अभिषेक वर्मा होता. त्याच वर्षी मे महिन्यात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायला माईक श्लोसर या डच दिग्गजाला १४९-१४८ने हरवलं होतं. म्हणजे वऱ्हाडात आणि नागपुरात हवा चांगलीच होती. फक्त ओजस आणि अदिती दोघंही तयार झाले साताऱ्यात, प्रवीण सावंत यांच्या अकादमीत. पोट्टा नागपूरचा, पाणी कृष्णेचं. १९५३च्या नागपूर करारापासून आम्ही अनुशेषाचे हिशेब मांडत आलो आहोत. सिंचन झालं, रस्ते झाले, नोकऱ्या झाल्या. तिरंदाजीचं कलम त्यात अजून कोणी घातलेलं नाही. काकांना मी ते सुचवलं आहे, ते निवेदन लिहून राहिले आहेत.

जगज्जेत्याची आणि आमची हवा मात्र वेगळी असते. आमच्या मैदानावर जमणाऱ्या मंडळींत नेम कोणाचाच चुकत नाही. वारा असतो. उजेड डोळ्यांवर असतो. बाणाचं पीस सैल असतं. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की पिसांचा डिंक मऊ पडतो, धनुष्याची ॲल्युमिनियमची मूठ तव्यावर ठेवल्यागत तापते, आणि कारणांचा हंगाम ऐन भरात येतो. एक निवृत्त मास्तर येतात. त्यांचा बाण डावीकडे गेला की ते बाणाकडे बघतच नाहीत, रेल्वेलाइनकडे बघतात. “मालगाडी गेली ना आता,” म्हणतात. मालगाडी खरंच गेलेली असते, हे त्यांचं वैशिष्ट्य.

चुकलेला बाण निशाणामागच्या गाजरगवतात जातो, आणि आमची खरी शिकार तिथे सुरू होते. कार्बनचा काळा बाण जमिनीलगत गवतात आडवा शिरला की वरून अजिबात दिसत नाही. बऱ्यापैकी बाणाच्या किमतीत घरच्यांचं सावजी जेवण होतं, त्यामुळे तो सोडवतही नाही. मग आम्ही ओळीने वाकून, पायाने गवत चाचपत, एकमेकांना हळू आवाजात खुणा करत पुढे सरकतो. कोणी हाकारा घालतो, “इकडं मुडलं आहे गवत!” सगळे तिकडे. मेटल डिटेक्टर आणून झाला. कार्बनच्या बाणाचं फक्त टोक धातूचं, त्यामुळे त्याने आधी तीन बाटल्यांची झाकणं आणि एक घोड्याची नाल शोधून दिली. अशा वेळी मास्तरांच्या अंगात येतं. ओणवे होऊन मातीवरची रेघ बघतात, दिशा काढतात, बोट वर करून सगळ्यांना गप्प करतात. आणि सापडला की काय आनंद! पेनसिल्व्हेनियातला माणूस हरणाच्या शिंगांजवळ बसून फोटो काढतो तसा आमचाही फोटो आहे, मातीने भरलेल्या एका बाणाजवळ चार प्रौढ माणसं उकिडवी बसलेली. मेहुण्याने तो पाहून विचारलं, “जनावर कुठाय?”

खंडेनवमीला घरातली शस्त्रं पूजेला निघतात. विळी, अडकित्ता, स्क्रू-ड्रायव्हर, माझी दुचाकी आणि धनुष्य. बायको धनुष्याला मनोभावे हळदकुंकू वाहते आणि वाहते ती नेमकी भिंगावर. त्यानंतर पुढचे आठ दिवस मला सगळंच पिवळं दिसतं, पण गुण वाढत नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर रावण बघायला सगळं नागपूर लोटतं. गेल्या खेपेला आम्ही बरेच पुढे होतो. पाहुण्यांच्या हातात सजवलेलं धनुष्य दिलं. मी सवयीने बघत होतो: कोपर खाली, मूठ आवळलेली, मान वाकडी, दोरी हनुवटीपर्यंतसुद्धा आलेली नाही. बाण सुटला, पाचसहा हात गेला आणि माळ घेऊन उभ्या असलेल्या कार्यकर्त्याच्या पायाशी पडला. त्याच क्षणी पलीकडे रावणाच्या पोटात स्फोट झाला, दहाही तोंडं धडाधड पेटली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

“पाहिलं?” मी म्हटलं. “बाण इथं पडलाय. हा वायरीवर पेटवतात.”

“ते राहू द्या,” बायको म्हणाली. “तुमचा बाण मारून आजवर काय पेटलं ते सांगा.”